आंतरभारती : उघड्या दारांची चळवळ

साने गुरुजींनी आंतरभारतीची कल्पना १९४९ साली पुण्याच्या मराठी साहित्य संमेलनात मांडली. संमेलनाध्यक्ष होते आचार्य शं. द. जावडेकर. गुरुजींचे मागणे असे होते की महाराष्ट्राने एक केंद्र उभारावे. तिथे भारतातल्या भाषा शिकता याव्यात, निरनिराळ्या प्रांतांतल्या मुलामुलींनी एकत्र राहावे, एकमेकांची गाणी, नृत्ये, ग्रंथ, सणवार जाणून घ्यावेत. रवींद्रनाथांच्या विश्वभारतीचा आदर्श त्यांच्यापुढे होता. विश्वभारती १९२१ पासून साऱ्या जगाला बोलावत होती. गुरुजींना जगाच्या आधी बंगालने तमिळ प्रांताला आणि महाराष्ट्राने ओडिशाला घरी बोलावलेले हवे होते. या केंद्रासाठी निधी जमवायला ते स्वतः हिंडले. ११ जून १९५० रोजी ते गेले. त्यांच्या हयातीत ते केंद्र उभे राहिले नाही.

त्यामुळे आंतरभारतीचा इतिहास लिहायला घेतला की पायाभरणीचा समारंभ, उद्घाटनाची तारीख, देणगीदारांची पाटी असे काही हाती लागत नाही. हाती लागतात ती माणसे, शिबिरे, यात्रा आणि पाहुण्यांना उतरवून घेणारी घरे. आंजी (मोठी) सारख्या गावाच्या स्मरणिकेत हा इतिहास यावा तो यासाठीच. वर्धा-आर्वी रस्त्यावरचे, धाम नदीच्या खोऱ्यातले हे कापूस-तुरीचे गाव. सेवाग्राम आणि पवनार इथून सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याच्या अंतरावर. गेल्या शंभर वर्षांत देशातून आणि परदेशांतून जेवढी माणसे या जिल्ह्यात मुक्कामाला आली, तेवढी महाराष्ट्रातल्या फार थोड्या जिल्ह्यांत आली असतील. आंतरभारतीचे नाव पुण्यात उच्चारले गेले, पण तिचा सराव वर्ध्यात आधीच चालू होता.

गुरुजींच्या मनात ही ओढ निर्माण झाली ती तुरुंगात. १९३० च्या कायदेभंगात त्यांनी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातली नोकरी सोडली. पुढे त्यांची रवानगी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात झाली. तिथे दक्षिणेतले सत्याग्रही होते. एकाच लढ्यासाठी तुरुंगात आलेली माणसे शेजारी शेजारी झोपतात आणि एकमेकांच्या भाषेतले चार शब्दही त्यांना येत नाहीत, याची त्यांना खंत वाटली. ते तमिळ शिकू लागले आणि तिरुवल्लुवरांचे तिरुक्कुरल त्यांनी मराठीत आणले. पुस्तक हाती घेण्याआधी त्याची भाषा ज्यांच्या घरात बोलली जाते त्या माणसांशी मैत्री करायची, ही त्यांची रीत तिथे दिसते.

अमळनेरच्या छात्रालयातही ते असेच होते. मुलांची अंथरुणे आवरायची, मळके कपडे धुऊन टाकायचे, आजारी मुलाच्या उशाशी बसायचे, ही कामे त्यांनी शिक्षक असताना केली. ज्याला दुसऱ्याचे मूल आपल्या छपराखाली सांभाळता येते त्यालाच आंतरभारती सुचू शकते.

वर्ध्याशी त्यांचा धागा जुळला तो धुळ्याच्या तुरुंगात. १९३२ साली फेब्रुवारी ते जून दर रविवारी वर्ध्याचे विनोबा गीतेवर बोलत आणि गुरुजी ते उतरून घेत. त्यातून ‘गीता प्रवचने’ झाले आणि पुढे ते भारतातल्या बहुतेक भाषांत गेले. विनोबा बोलले मराठीत, ऐकणारे होते तुरुंगातले कैदी, लिहून घेणारा पालगडचा कोकणी माणूस. आज ते पुस्तक तेलुगू आणि असमिया घरांतही वाचले जाते. आंतरभारतीचे पहिले मोठे काम कोणते, असे कुणी विचारले तर मी याच वहीकडे बोट दाखवीन, तेव्हा संस्थेचे नावही ठरलेले नव्हते तरी.

गुरुजींच्या दोन कामांना लोक वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतात: १९४७ चे पंढरपूरचे उपोषण आणि १९४९ ची आंतरभारती. मला ती दोन कामे एकच वाटतात. विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या सुरुवातीपासून ते महाराष्ट्रभर हिंडले. राष्ट्र सेवा दलाचे कलापथक त्यांच्या बरोबरीने गावोगाव गेले. १ मे रोजी त्यांनी पंढरपुरात उपोषण सुरू केले, १० मे रोजी ते सुटले. या दौऱ्यात गावोगाव ते देवळांची दारे उघडायला सांगत होते. दोन वर्षांनी त्यांनी घराचे दार उघडायला सांगितले. परप्रांतातले मूल आपल्या घरी राहायला येते तेव्हा ते ओसरीवर थांबत नाही, ते चुलीपर्यंत येते. त्याची जात, त्याचा धर्म, ते काय खाते, हे प्रश्न तिथे उभे राहतात, आणि घरातल्या बाईला त्याच दिवशी त्यांचे उत्तर द्यावे लागते. देवळाच्या दारापेक्षा हे दार उघडणे अवघड. देवळाच्या दाराशी पोलीस, कायदा, वर्तमानपत्रे असतात. स्वयंपाकघरात घरातल्या माणसांखेरीज कुणी नसते.

वर्ध्याला या दोन्ही दारांचा अनुभव होता. जमनालाल बजाजांनी १९२८ साली इथले लक्ष्मीनारायण मंदिर हरिजनांना खुले केले, आणि त्यांच्याच बजाजवाडीत देशभरातले पाहुणे उतरत. सरहद्द प्रांतात जायला बंदी असलेले खान अब्दुल गफार खान १९३४ साली वर्ध्यात राहिले आणि इथेच त्यांना पुन्हा अटक झाली. त्याच्या आदल्या वर्षी, १९३३ मध्ये, जपानी भिक्षू निचिदात्सु फुजी वर्ध्यात गांधीजींना भेटून गेले होते. त्यांच्या पंथाची ढोलावरची प्रार्थना पुढे सेवाग्रामच्या नित्य प्रार्थनेचा भाग झाली. गांधीजी १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले. तिथवर धड रस्ताही नव्हता. तरी लॉर्ड लोथियन १९३८ मध्ये तिथल्या झोपडीत राहून गेले, आणि अमेरिकन पत्रकार लुई फिशर १९४२ च्या भर उन्हाळ्यात आठवडाभर राहिले.

आले-गेलेल्यांपेक्षा मुक्कामी राहिलेल्यांचे ऋण मोठे. नई तालीम ही गांधीजींची शिक्षणपद्धती सेवाग्रामात उभी करणारे आर्यनायकम मूळचे सिलोनचे, त्यांच्या पत्नी आशादेवी बंगाली. दोघेही शांतिनिकेतनातून आलेले. इंग्लंडच्या मार्जोरी साइक्स यांनी १९४९ पासून पुढची दहा वर्षे सेवाग्रामात शिक्षकांना घडवले. वर्ध्याच्या खेड्यातली मुले सिलोनी, बंगाली आणि इंग्रज माणसांच्या हाताखाली सूत काततात, संडास साफ करतात, कविता म्हणतात, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही, अशी ती शाळा होती. आशादेवींना मराठी मुलांच्या घरी जायला कुणाच्या निमंत्रणाची गरज पडत नसे. संस्कृतीची देवघेव अशी रोजच्या कामात मिसळली की तिचा वेगळा कार्यक्रम आखावा लागत नाही.

१९४९ हे साल नीट पाहण्यासारखे आहे. त्या डिसेंबरात जगातल्या शांततावाद्यांची परिषद भारतात भरली. गांधीजींच्या उपस्थितीत ती व्हावी अशी मूळ योजना होती. त्यांच्या हत्येनंतरही पाहुणे आले. परिषदेचा पहिला भाग शांतिनिकेतनात झाला, दुसरा वर्षअखेरीला सेवाग्रामात. मधल्या दिवसांत प्रतिनिधी लहान लहान गटांनी देशभर हिंडले. इंग्लंडच्या लेखिका व्हेरा ब्रिटन, अमेरिकेचे ए. जे. मस्टी अशी माणसे त्यांत होती. आधी विचार, मग प्रवास, मग पुन्हा एकत्र बसून पाहिलेल्याची चर्चा, हा क्रम मला आजही कुठल्याही सहलीसाठी उत्तम वाटतो. त्याच वर्षी डेन्मार्कमध्ये बॉब लुइटवायलर या अमेरिकन तरुणाने आणि त्याच्या मित्रांनी ‘सर्व्हास’ सुरू केली: प्रवाशाने हॉटेलात न उतरता अनोळखी देशातल्या कुटुंबात दोन-तीन दिवस राहायचे, पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत, गप्पा मात्र मनसोक्त मारायच्या. त्याच वर्षी वरोऱ्याला बाबा आमट्यांनी कुष्ठरुग्णांसाठी आनंदवनाची सुरुवात केली. पुण्यात साने गुरुजी आंतरभारतीसाठी झोळी पसरत होते. महायुद्ध आणि फाळणी या दोन्हींनी पोळलेली माणसे जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत एकाच गोष्टीकडे वळत होती.

आनंदवनाचा उल्लेख ओघाने आला, पण आंतरभारतीच्या इतिहासात त्याचे स्थान मध्यभागी आहे. बाबा आमटे आपल्या जिल्ह्यातले, हिंगणघाटचे. जन्म २६ डिसेंबर १९१४. स्वित्झर्लंडच्या पिएर सेरेसोल यांनी १९२० मध्ये सुरू केलेली ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संघटना १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमध्ये काम करून गेली होती. तिचे नाना देशांतले तरुण स्वयंसेवक १९५० च्या दशकात आनंदवनात आले आणि कुष्ठरुग्णांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी इमारती बांधल्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते त्यांच्याबरोबर परदेशी मुलेमुली जेवत होती. वरोऱ्याच्या लोकांनी हे डोळ्यांनी पाहिले, आणि आनंदवनाकडे पाहण्याची त्यांची नजर हळूहळू बदलली. पाहुणे आल्याने यजमान बदलतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण विदर्भात सापडणे कठीण.

गुरुजींच्या मागे आंतरभारतीचा शब्द जिवंत ठेवला तो ‘साधना’ने. गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेले हे साप्ताहिक पुढे यदुनाथ थत्ते यांच्याकडे आले. यदुनाथजी मूळचे येवल्याचे. देशभर मित्र जोडणे आणि एका प्रांतातली माणसे दुसऱ्या प्रांतातल्या माणसांच्या घरी धाडणे, हे त्यांचे आवडीचे काम. आंतरभारतीला कार्यालयापेक्षा त्यांच्या पत्रव्यवहाराचा आधार जास्त होता, असे म्हटले तर चूक होणार नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने याच काळात ‘महाराष्ट्र दर्शन’, ‘भारत दर्शन’ हे कार्यक्रम केले. वसंत बापट, लीलाधर हेगडे, सुधा वर्दे ही नावे त्या पिढीच्या तोंडी होती. ज्या गावात रेडिओही नव्हता तिथल्या माणसांनी देशातल्या नाना प्रांतांची लोकनृत्ये पहिल्यांदा त्या कंदील-पेट्रोमॅक्सच्या उजेडात पाहिली.

मग आले सोमनाथ. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात १९६७ साली बाबांनी सोमनाथ प्रकल्प सुरू केला, आणि तिथे मे महिन्यात श्रमसंस्कार छावणी भरू लागली. विदर्भातला मे म्हणजे काय, ते आंजीकरांना सांगायला नको. त्या उन्हात पहाटे उठून माती खणायची, बांध घालायचे, दुपारी चर्चा, रात्री गाणी. पुण्या-मुंबईची, कोकणातली, मराठवाड्यातली, परराज्यांतली मुलेमुली कुष्ठमुक्त शेतकऱ्यांच्या बरोबरीने राबली. छावणीला जाऊन आलेल्यांतून पुढे सामाजिक कामात किती जण पडले, याची गणती आता कुणालाच करता यायची नाही. एका छावणीत जमलेली मैत्री पन्नास वर्षे टिकल्याची उदाहरणे मात्र महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्ह्यात आहेत.

एका साध्या सहलीतून केवढे काम उभे राहू शकते, त्याचाही दाखला आमटे कुटुंबातच आहे. १९७० च्या सुमारास बाबा आपल्या मुलांना भामरागडच्या जंगलात सहलीला घेऊन गेले. तिथे अंगभर वस्त्र नसलेली, औषधाचे नावही न ऐकलेली माडिया माणसे त्यांनी पाहिली. वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या प्रकाशने तिथे काम करायचे ठरवले, आणि डिसेंबर १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. परतल्यावर त्या सहलीचा अल्बम भिंतीवर लागला नाही, मुलगाच तिकडे राहायला गेला.

आंतरभारतीच्या विचारातून निघालेला सर्वांत मोठा प्रवास ‘भारत जोडो’. १९८४ च्या इंदिराजींच्या हत्येनंतर देश दुभंगतो की काय अशी भीती होती. पंजाब पेटलेला होता. डिसेंबर १९८५ मध्ये ११६ तरुण-तरुणी सायकलींवर कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. त्यांत १६ मुली होत्या. बाबांना मणक्याच्या दुखण्यामुळे बसता येत नव्हते, ते खास गाडीत आडवे पडून बरोबर होते, वय एकाहत्तर. १९८८ मध्ये दुसरी यात्रा अरुणाचलातल्या इटानगरहून गुजरातेतल्या ओखाकडे निघाली. मोठ्या सभांची छायाचित्रे छापून आली, पण या यात्रांचे खरे बळ मुक्कामांत होते. दर संध्याकाळी एखादे अनोळखी गाव शंभरेक भुकेल्या सायकलस्वारांना जेवू घालत होते. कानडी घरात मराठी मुलगी झोपली, तेलुगू आजीने तिच्या केसांना तेल लावले, पंजाबात लंगरमध्ये तिने पोळ्या लाटल्या. भारत जोडला जाण्याची प्रक्रिया अशीच, एकेका रात्रीने होते.

दक्षिणेतून हेच काम करत आलेले डॉ. एस. एन. सुब्बराव, सर्वांचे ‘भाईजी’, बंगळूरचे. १९६९ च्या गांधी शताब्दीत ‘गांधी दर्शन’ रेल्वे घेऊन ते देशभर फिरले. चंबळच्या खोऱ्यात जौऱ्याला आश्रम काढला, आणि १९७२ मध्ये तिथे जयप्रकाश नारायण यांच्या उपस्थितीत बागी, म्हणजे दरोडेखोर, शरण आले. त्यांच्या राष्ट्रीय युवा योजनेच्या शिबिरांचा दिनक्रम ठरलेला: पहाटे प्रार्थना, मग श्रमदान, मग भाषेचा तास, संध्याकाळी सर्वधर्मप्रार्थना आणि ‘भारत की संतान’ हा कार्यक्रम, ज्यात मुले देशातल्या सगळ्या प्रमुख भाषांत गातात, त्या त्या वेशात नाचतात. १९९३-९४ मध्ये त्यांनी सद्भावना रेल्वे यात्रा काढली. बाबरी मशीद पाडल्यानंतरच्या दंगलींनी होरपळलेल्या शहरांत तरुणांची आगगाडी थांबत थांबत गेली. निरोप घेताना ते ‘जय जगत’ म्हणत. हा घोष विनोबांचा, म्हणजे आपल्या पवनारच्या माणसाचा. भाईजी २७ ऑक्टोबर २०२१ रोजी गेले.

भाईजींच्या आणि आंतरभारतीच्या कार्यकर्त्यांनी मिळून लहान मुलांसाठी जे बालआनंद महोत्सव भरवले, त्यात गुरुजींची मूळ कल्पना मला सर्वांत शुद्ध रूपात दिसते. वेगवेगळ्या राज्यांतली शाळकरी मुले एका गावात येतात. त्यांची सोय शाळेच्या वर्गांत सतरंज्या टाकून होत नाही, ती गावातल्या घरांत वाटली जातात. शक्य तिथे वेगळ्या धर्माचे, वेगळ्या चालीरीतींचे घर निवडले जाते. दिवसभर सगळी एकत्र, रात्री मात्र प्रत्येक मूल आपापल्या नव्या घरी.

हे काम कागदावर सोपे दिसते. प्रत्यक्षात यजमान घर तयार करणे ही सर्वांत मोठी मेहनत आहे. विदर्भातल्या घरात पहिली काळजी जेवणाची: हे लेकरू आपल्या घरची भाकर खाईन का, आपला तिखट झुणका त्याला झेपेन का. भात खाऊन वाढलेल्या आसामी किंवा तमिळ मुलाला ज्वारीची भाकरी दोन दिवस घशाखाली उतरत नाही. मग घरची माउली त्याच्यासाठी वेगळा भात लावते, आणि तिसऱ्या दिवशी ते आपणहून भाकरीचा तुकडा मोडून वरणात कुस्करते. दुसरी काळजी भाषेची. ती मुले सोडवतात. दोन दहा वर्षांची मुले विटी-दांडू घेऊन अंगणात उतरली की तासाभरात त्यांची भाषा तयार होते; मोठ्यांनाच दुभाष्या लागतो. तिसरी काळजी कुणी बोलून दाखवत नाही: शेजारी काय म्हणतील. याच काळजीपाशी कार्यकर्त्याचा कस लागतो. तो त्या घरी दोनदा-तीनदा जातो, आधीच्या वर्षीच्या एखाद्या यजमान बाईंना बरोबर नेतो. त्या बाई सांगतात, आमच्याकडे मुसलमान पोरगी होती, तिने मला मेंदी काढून दिली, अजून ईदेला फोन येतो. यापुढे भाषणाची गरज उरत नाही.

एका घरी एकच मूल ठेवावे, असे या कामातले जाणते सांगतात आणि मला ते पटते. दोन मुले एका प्रांतातली असली की ती आपसात बोलत बसतात. एकटे मूल पहिल्या रात्री रडते, आणि दुसऱ्या दिवशी घरातल्या आजीशी मैत्री करते. चार रात्रींपेक्षा कमी मुक्काम असेल तर ते रडण्यापर्यंतच राहते, मैत्रीपर्यंत पोचत नाही. पालकांना हे आधी सांगून ठेवावे लागते, नाहीतर फोनवर रडणे ऐकून ते गाडी पकडतात.

आता कमतरतेबद्दलही लिहिले पाहिजे, कारण स्मरणिकेतला इतिहास गौरवापुरता राहिला तर पुढच्यांच्या उपयोगी पडत नाही. गुरुजींचा भर भाषा शिकण्यावर होता, आणि नेमके तेच मागे पडले. रायगड जिल्ह्यातल्या वडघर इथे साने गुरुजींचे राष्ट्रीय स्मारक आहे आणि तिथे आंतरभारतीच्या नावाने अनुवादाचे काम हाती घेतले गेले, ही समाधानाची गोष्ट. पण गावोगावच्या शिबिरांत मुले दहा भाषांतली गाणी पाठ करतात आणि घरी गेल्यावर त्यांतल्या एकाही भाषेचे अक्षर गिरवत नाहीत. विनोबांनी भारतातल्या भाषा नागरी लिपीतूनही वाचता याव्यात म्हणून आयुष्यभर आग्रह धरला; पवनारच्या ब्रह्मविद्या मंदिरात १९५९ पासून अनेक राज्यांतल्या बहिणी एकत्र राहत आल्या आहेत. त्यांच्याकडे चार दिवस राहिले तर एखादी भाषा शिकायला सुरुवात कशी करावी हे कळेल. आपण मात्र पवनारला जातो ते नदीकाठी फोटो काढायला.

दुसरी उणीव अधिक बोचणारी आहे. वर्धा जिल्ह्याने पाहुणे खूप घेतले, आपली मुले मात्र फारशी पाठवली नाहीत. शाळेची सहल म्हणजे एसटीची गाडी, बुलडाण्याचे शेगाव, वेरूळ, रायगड, धर्मशाळेत रात्र आणि परत. मुले पाहून येतात, पण कुणाशी बोलून येत नाहीत. चाळीस मुले आपल्याच बाईंच्या भोवती, आपल्याच डब्यातल्या चिवड्यावर तीन दिवस काढतात. आसाममधले मूल आपल्याकडे येते आणि आपले मूल तिकडे जात नाही, तेव्हा ती देवघेव राहत नाही, तो एकेरी पाहुणचार होतो. पाठवायला भीती वाटते, खर्च वाटतो, मुलींच्या बाबतीत तर प्रश्नच काढू नका असा सूर असतो. १९८५ मध्ये १६ मुली कन्याकुमारीहून सायकलवर निघाल्या होत्या; चाळीस वर्षांनी आपण मागे सरकलो आहोत, हे मान्य केले पाहिजे.

आंजीपुरते बोलायचे तर गावाला या कामाचा एक जिवंत अनुभव आहे, फक्त आपण त्याला आंतरभारती म्हणून ओळखलेले नाही. डॉ. सुशीला नय्यर यांनी गांधी शताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तिथल्या जागा दीर्घकाळ अर्ध्या महाराष्ट्राला आणि अर्ध्या उरलेल्या भारताला अशा विभागलेल्या होत्या, त्यामुळे केरळ, दिल्ली, बिहार, पंजाब अशा सगळ्या बाजूंची मुले आपल्या जिल्ह्यात येत राहिली. प्रवेश घेतला की त्यांचे पंधरा दिवस गांधी आश्रमात जातात. नंतर प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, त्या गावात शिबिर करून राहते, आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपवलेली असतात. पुढची वर्षे तो त्यांच्याकडे येत-जात राहतो. याच संस्थेचे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आंजीला आहे. इंटर्नशिप करणारी मुलेमुली इथे येऊन राहतात, परिसरातल्या घरांत जातात, बाळांची वजने घेतात, गरोदर बायांशी बोलतात. ‘डोकं दुखते’ आणि ‘जीव घाबरते’ यांतला फरक त्यांना आपल्या बायांनीच शिकवला. कोथिंबिरीला इथे सांबार म्हणतात हे कळेपर्यंत दक्षिणेकडच्या मुलांचा भाजीच्या दुकानात गोंधळ उडणारच. डॉक्टर होऊन ती देशभर पांगतात, आणि त्यांच्या बोलण्यात आंजीचे नाव असते.

शिवाय १९९७ मध्ये वर्ध्यात महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय सुरू झाले. हिंदी शिकायला परदेशांतले विद्यार्थी तिथे येतात. वर्षभर वसतिगृहात राहतात आणि मराठी घर आतून न पाहता परत जातात. आंजीहून वर्ध्याला रोज शेकडो माणसे जातात-येतात; त्यांपैकी एखाद्याने अशा एका विद्यार्थ्याला पोळ्याला घरी आणले तर कुठल्या संस्थेची परवानगी लागणार नाही.

पोळा मी मुद्दाम म्हणतो. बाहेरच्या मुलांना बोलवायचे तर ऋतू पाहावा लागतो. मृगाच्या पेरणीत आणि कापसाच्या वेचणीत घरात कुणाला उसंत नसते, मे महिना बाहेरच्या लहान मुलांना सोसत नाही. श्रावण संपता संपता शेतकाम थोडे हलके होते. पोळ्याला बैल सजतात, आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा येतो, लाकडी नंदीबैल घेऊन निघणाऱ्या मुलांचा सण. विदर्भाबाहेर तो फारसा कुणाला ठाऊक नाही. आपल्या जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे) चा तर नावाजलेला आहे. दहा वर्षांच्या मणिपुरी किंवा मल्याळी मुलाच्या हाती नंदीबैलाची दोरी दिली आणि दारोदारी बोजारा, म्हणजे सणाचा खाऊ-पैसा, मागायला आपल्या मुलांबरोबर धाडले, तर गावातले प्रत्येक घर त्याला एका दुपारी ओळखू लागेल.

त्याच्या बदल्यात पुढच्या सुट्टीत आपल्या घरचे मूल त्याच्या घरी गेले पाहिजे, ही अट पहिल्याच पत्रात लिहावी. जाणाऱ्या मुलाने त्या भाषेतली रोजची वाक्ये आधी शिकावीत: पाणी द्या, पोट भरले, हे कसे करतात, मला घरी फोन करायचा आहे. आपल्या केंद्रावर असलेल्या इंटर्न मुलामुलींत ती भाषा बोलणारे कुणी ना कुणी सापडते, त्यांना महिनाभर संध्याकाळी बोलवावे. प्रवासाची अडचण आपल्याला कमी आहे: वर्धा आणि सेवाग्राम या दोन स्थानकांवर मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई या दोन्ही मार्गांच्या गाड्या मिळतात. पहिल्या वर्षी चार घरे घ्यायला आणि चार घरे पाठवायला तयार झाली तरी पुरे. जाणाऱ्या मुलांत निदान दोन मुली असाव्यात, आणि सगळी घरे एकाच आळीतली नसावीत.